औषधनिर्माणशास्त्रातील 'डॉक्टर' पदवी आणि संस्थानिवडीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागला की अभ्यासक्रम व संस्था यांच्या निवडीसंबंधी विद्यार्थी आणि पालक महाविद्यालयीन प्राध्यापकांचा सल्ला घेतात. वैद्यकीय प्रवेशाची संधी हुकलेल्या विद्यार्थ्यांपुढे जे पर्याय येतात त्यांत 'डॉक्टर ऑफ फार्मसी' अर्थात फार्म.डी. या पदवीचा उल्लेख अलीकडे वारंवार होतो. सहा वर्षांचा कालावधी, नावातच असलेला 'डॉक्टर' हा शब्द आणि परदेशी नोकरीची आशा यांमुळे या पदवीचे आकर्षण वाढले आहे. मात्र संस्था निवडताना शुल्क, घरापासूनचे अंतर, इमारत व वसतिगृह यांचाच विचार प्रामुख्याने होतो. ही पदवी कोणत्या गरजेतून निर्माण झाली, तिला 'डॉक्टर' हे नाव का मिळाले आणि भारतात ती कोणत्या स्वरूपात आली, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वस्तुतः संस्थानिवडीचे खरे निकष या पदवीच्या इतिहासातच सापडतात.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. अमेरिकेत फार्म.डी. पदवीचा उदय व विकास कसा झाला याचा आढावा घेणे.
२. भारतातील औषधनिर्माणशास्त्र शिक्षणाच्या वाटचालीत या पदवीचे स्थान निश्चित करणे.
३. या इतिहासाच्या आधारे संस्थानिवडीचे निकष मांडणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन अमेरिका व भारत या दोन देशांपुरते मर्यादित आहे. येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. औषधनिर्माणशास्त्रातील पीएच.डी. ही संशोधन पदवी असून ती पदव्युत्तर शिक्षणानंतर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, प्रबंध सादर करून मिळते. फार्म.डी. ही व्यावसायिक पदवी असून तिचा भर रुग्णसेवेच्या प्रशिक्षणावर असतो. पीएच.डी.साठी संस्था निवडणे म्हणजे बहुतांशी मार्गदर्शक, विषय व प्रयोगशाळा निवडणे होय. फार्म.डी.साठी संस्था निवडताना मात्र रुग्णालय केंद्रस्थानी येते. प्रस्तुत निबंध या दुसऱ्या पदवीविषयी आहे.

अमेरिकेतील पार्श्वभूमी : दुकानाकडून वर्गाकडे

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत औषधविक्रेत्याचे शिक्षण दुकानातील उमेदवारीतून होत असे. १८२१ मध्ये स्थापन झालेले फिलाडेल्फिया कॉलेज ऑफ फार्मसी हे त्या देशातील या विषयाचे पहिले महाविद्यालय होय. त्याच्या स्थापनेमागे एक वाद होता. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने औषधविक्रेत्यांना 'मास्टर ऑफ फार्मसी' ही पदवी देण्याचे योजले, तेव्हा वैद्यकाच्या प्राध्यापकांनी आपल्या व्यवसायाचे नियमन करू नये, या भूमिकेतून शहरातील औषधविक्रेते एकत्र आले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली. पदवी कोणी द्यावी आणि तिच्यावर नियंत्रण कोणाचे असावे, हा प्रश्न या शिक्षणाच्या जन्मापासूनच त्याच्याशी जोडलेला आहे, असे यावरून दिसते.

या आरंभीच्या महाविद्यालयांत दिवसभर दुकानात काम करणाऱ्या उमेदवारांसाठी संध्याकाळी व्याख्याने होत. १८६८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने वेगळा मार्ग स्वीकारला. अल्बर्ट प्रेस्कॉट यांच्या नेतृत्वाखाली तेथे पूर्णवेळ व प्रयोगशाळेवर आधारित शिक्षण सुरू झाले आणि उमेदवारीची पूर्वअट काढून टाकण्यात आली. १८७१ मध्ये अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या अधिवेशनात प्रेस्कॉट यांना प्रतिनिधी म्हणून मान्यता नाकारण्यात आली. उमेदवारीशिवाय औषधविक्रेता घडूच शकत नाही, अशी व्यवसायातील प्रस्थापितांची धारणा होती. पुढे प्रेस्कॉट यांचीच भूमिका सर्वमान्य झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क राज्याने परवान्यासाठी महाविद्यालयीन पदविका आवश्यक ठरवली आणि १९३२ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम हे देशभर किमान प्रमाण मानले गेले. त्याच वर्षी संस्थांना अधिस्वीकृती देणारी स्वतंत्र परिषद स्थापन झाली. २००३ पासून ती 'अक्रेडिटेशन कौन्सिल फॉर फार्मसी एज्युकेशन' या नावाने ओळखली जाते.

उमेदवारीचा त्याग केल्याने शिक्षण शास्त्रीय झाले. परंतु प्रत्यक्ष रुग्णाशी असलेला विद्यार्थ्याचा संबंध क्षीण झाला. पुढे आलेली 'डॉक्टर' पदवी हा तुटलेला संबंध रुग्णालयात पुन्हा जोडण्याचा प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

'डॉक्टर' पदवीचा उदय :

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील औषधनिर्माणशास्त्र शिक्षणाची व्यापक पाहणी करण्यात आली आणि तिने सहा वर्षांच्या 'डॉक्टर ऑफ फार्मसी' अभ्यासक्रमाची शिफारस केली. १९५० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने हा अभ्यासक्रम सुरू केला आणि काही वर्षांतच सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याचे अनुकरण केले. इतर संस्था मात्र या मार्गाने जाण्यास तयार नव्हत्या. दुकानात औषध देण्यासाठी सहा वर्षांचे शिक्षण कशाला, हा आक्षेप होता. वाढत्या खर्चाची व मनुष्यबळ टंचाईची भीतीही होती. अखेरीस तडजोड होऊन १९६० पासून पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम बंधनकारक करण्यात आला. त्यामुळे दोन वेगळ्या कालावधीच्या पदव्या आणि एकच परवाना, अशी स्थिती अमेरिकेत सुमारे चार दशके राहिली.

या काळात पदवीच्या नावाला आशय प्राप्त करून देणारी घटना १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे घडली. तेथील विद्यापीठ रुग्णालयाच्या नवव्या मजल्यावरील शस्त्रक्रिया विभागात एक लहान औषधकक्ष उघडण्यात आला. औषधनिर्माते तळघरातील भांडारातून बाहेर पडून वॉर्डात चोवीस तास उपलब्ध राहू लागले. रुग्णाला कोणती औषधे चालू आहेत, त्यांचा परस्परांवर काय परिणाम होतो, मात्रा योग्य आहे काय, याविषयी ते डॉक्टर व परिचारिका यांना माहिती देऊ लागले. विद्यार्थीही तेथेच शिकू लागले. 'नाइन्थ फ्लोअर प्रोजेक्ट' या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग चिकित्सालयीन औषधनिर्माणशास्त्राच्या विकासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

१९७५ मध्ये मिलिस आयोगाने औषधनिर्मात्याचे ज्ञान रुग्णासाठी वापरले जाण्यावर भर दिला. १९९० मध्ये हेप्लर व स्ट्रँड यांनी 'फार्मास्युटिकल केअर' ही संकल्पना मांडली. औषधोपचारातून रुग्णाच्या प्रकृतीत होणाऱ्या प्रत्यक्ष परिणामांची जबाबदारी औषधनिर्मात्याने स्वीकारावी, हा तिचा गाभा होता. या वैचारिक पायावर १९९२ मध्ये महाविद्यालयांच्या संघटनेने फार्म.डी. हीच व्यवसायप्रवेशाची एकमेव पदवी असावी, असा ठराव केला. १९९७ मध्ये अधिस्वीकृती परिषदेने तदनुरूप मानके स्वीकारली आणि २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्या पदवीचे प्रवेश पूर्णतः बंद झाले. अर्थात अमेरिकेत नव्या पदवीने जुन्या पदवीची जागा घेतली. भारताशी तुलना करताना ही बाब निर्णायक ठरते.

अमेरिकेतील संस्थानिवड : बदललेली परिस्थिती

एकच पदवी सर्वत्र अनिवार्य झाल्यावर संस्थांमधील फरक पदवीच्या नावावरून ओळखता येईनासा झाला. शतकाच्या आरंभी तेथे सुमारे ८० फार्मसी महाविद्यालये होती. २०२० पर्यंत ही संख्या १४० च्या वर गेली. याउलट दुसऱ्या दशकात अर्जदारांची संख्या घटत गेली. अनेक वर्षे प्रवेशासाठी वापरली जाणारी 'पीकॅट' ही परीक्षा २०२४ मध्ये बंद झाली. पूर्वी संस्था विद्यार्थ्यांची निवड करीत. आता अनेक संस्थांना विद्यार्थी शोधावे लागतात. सहज मिळणारा प्रवेश ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने सोय असली तरी तो संस्थेच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

या परिस्थितीत विद्यार्थ्याच्या हाती दोन विश्वसनीय साधने आहेत. पहिले साधन अधिस्वीकृतीची अवस्था. नव्या संस्थेला प्रथम पूर्व-उमेदवार, नंतर उमेदवार आणि पहिली तुकडी पदवीधर झाल्यावरच पूर्ण दर्जा मिळू शकतो. दुसरे साधन परवाना परीक्षेचा निकाल. 'नॅपलेक्स' या परीक्षेतील संस्थानिहाय उत्तीर्णतेचे प्रमाण जाहीर केले जाते आणि त्यात संस्थांमध्ये मोठी तफावत आढळते. याखेरीज अंतिम टप्प्यात किमान १,४४० तासांचे प्रगत प्रात्यक्षिक प्रशिक्षण बंधनकारक आहे. ते कोणत्या रुग्णालयांत व कोणाच्या देखरेखीखाली होते, हा प्रश्न प्रवेशापूर्वी विचारणे तेथे स्वाभाविक मानले जाते.

भारतातील वाटचाल : उद्योगाभिमुख शिक्षण

भारतात दीर्घकाळ औषधे तयार करून देण्याचे काम कंपाउंडर करीत. दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी बसून मिश्रणे बनविणारा कंपाउंडर महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या परिचयाचा आहे. कर्नल रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये औषधांची भेसळ व निकृष्ट दर्जा यांबरोबरच प्रशिक्षित औषधनिर्मात्यांच्या अभावाकडेही लक्ष वेधले. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचे शिक्षण सुरू केले व १९३७ मध्ये तेथे बी.फार्म. अभ्यासक्रम आरंभला. या शिक्षणाचा भर औषधी रसायनशास्त्र, विश्लेषण व उत्पादन यांवर होता. परकीय औषधांवर अवलंबून असलेल्या देशाची ती खरी गरज होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फार्मसी कायदा संमत झाला आणि पुढील वर्षी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली. नोंदणीसाठी पदविका, म्हणजे डी.फार्म., ही किमान अर्हता ठरली. १९५७ मध्ये मुंबईत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी व १९६३ मध्ये पणजी येथे गोवा कॉलेज ऑफ फार्मसी सुरू झाले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या उत्पादन-पेटंटना मान्यता नाकारल्यामुळे देशी औषध उद्योगाची भरभराट झाली आणि बी.फार्म. पदवीधर कारखाने, गुणवत्ता नियंत्रण व विपणन यांकडे वळले. औषध दुकान व रुग्णालय यांतील काम प्रामुख्याने पदविकाधारकांकडे राहिले. परिणामी उच्चशिक्षित औषधनिर्माता आणि रुग्ण यांची गाठ भारतात क्वचितच पडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर व उटी येथील जेएसएस संस्थांनी 'फार्मसी प्रॅक्टिस' या विषयात एम.फार्म. अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हा रुग्णालयाधारित शिक्षणाचा पाया घातला गेला.

२००८ चे विनियम :

फार्म.डी.च्या भारतातील आगमनाला अमेरिकेतील घडामोडींचाही संदर्भ आहे. परदेशी पदवीधरांना अमेरिकेत परवाना मिळविण्यापूर्वी पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ जानेवारी २००३ पासून पदवी मिळवणाऱ्यांसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम ही त्याची अट झाली. भारतीय बी.फार्म. चार वर्षांचा असल्याने त्यापुढील पदवीधरांना हा मार्ग बंद झाला. देशांतर्गत रुग्णसेवेची गरज व परदेशातील संधी अशी दुहेरी पार्श्वभूमी या नव्या पदवीला लाभली.

मे २००८ मध्ये फार्म.डी. विनियम राजपत्रात प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाच वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता असा सहा वर्षांचा अभ्यासक्रम ठरला. बी.फार्म. पदवीधरांसाठी तीन वर्षांचा स्वतंत्र मार्ग ठेवण्यात आला. प्रवेशक्षमता अनुक्रमे ३० व १० इतकी मर्यादित करण्यात आली. सर्वांत महत्त्वाची अट रुग्णालयाची होती. संस्थेचे स्वतःचे किंवा लेखी कराराने जोडलेले किमान ३०० खाटांचे रुग्णालय आवश्यक ठरवले गेले. आंतरवासितेपैकी सहा महिने सामान्य वैद्यकशास्त्र विभागात आणि प्रत्येकी दोन महिने अन्य तीन विभागांत व्यतीत करावे लागतात. यावरून विनियमकर्त्यांच्या मनातील कल्पना स्पष्ट होते. या पदवीची मुख्य प्रयोगशाळा म्हणजे वॉर्ड होय.

परंतु एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहिला. अमेरिकेत नव्या पदवीने जुन्या पदवीची जागा घेतली. भारतात ती जुन्या पदव्यांच्या शेजारी येऊन बसली. डी.फार्म. ही नोंदणीची किमान अर्हता कायम राहिली. त्यामुळे पदविकाधारक, बी.फार्म. पदवीधर व फार्म.डी. पदवीधर या तिघांची नावे राज्य परिषदेच्या एकाच नोंदपुस्तकात येतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णसमुपदेशनाला अधिकृत स्थान दिले आणि २०२१ च्या दुरुस्तीत चिकित्सालयीन औषधनिर्मात्याच्या पदाचा समावेश झाला. तरीही विनियमात पदाचा उल्लेख होणे आणि रुग्णालयाच्या आस्थापनेवर ते पद प्रत्यक्ष निर्माण होऊन भरले जाणे, यांत मोठे अंतर आहे. नावाआधी 'डॉ.' लावण्यासंबंधीची चर्चा या मूळ प्रश्नापेक्षा अधिक गाजली, ही खेदाची बाब होय.

मान्यतेचा प्रश्न :

संस्थेला मान्यता कोणाची असावी, यासंबंधी दीर्घकाळ संभ्रम होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद व फार्मसी कौन्सिल या दोन्ही संस्था अधिकार सांगत होत्या. विदर्भातील एका फार्मसी संस्थेशी संबंधित प्रकरणात मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फार्मसी कायदा हा विशेष कायदा असल्याने या क्षेत्रात फार्मसी कौन्सिलचाच अधिकार राहील, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने नव्या महाविद्यालयांवर कौन्सिलने केवळ ठरावाद्वारे घातलेली स्थगिती अवैध ठरवली. संस्था काढण्याच्या अधिकारावर केवळ कार्यकारी ठरावाने बंधन घालता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. साहजिकच, संस्थांची संख्या रोखून गुणवत्ता राखली जाईल अशी अपेक्षा पालकांनी बाळगता येत नाही. पारख करण्याची जबाबदारी विद्यार्थी, पालक व त्यांना सल्ला देणारे शिक्षक यांच्यावर अधिक आली आहे.

संस्थानिवडीचे निकष :

वरील विवेचनाच्या आधारे पुढील निकष मांडता येतात.

१. मान्यतेचे स्वरूप : फार्मसी कायद्याच्या कलम १२ मध्ये अभ्यासक्रमाची मान्यता व परीक्षेची मान्यता या दोन स्वतंत्र बाबी आहेत. संस्थेत फार्म.डी.ची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली आहे काय आणि परीक्षेला मान्यता मिळाली आहे काय, हे पाहावे. त्याच संस्थेच्या बी.फार्म.ला असलेली मान्यता फार्म.डी.ला आपोआप लागू होत नाही.

२. रुग्णालय : ३०० खाटांचा आकडा ही केवळ कागदोपत्री अट ठरू नये. रुग्णालय स्वतःचे आहे की कराराने जोडलेले, ते महाविद्यालयापासून किती दूर आहे, विद्यार्थी आठवड्यातून किती दिवस वॉर्डात जातात आणि डॉक्टरांच्या फेरीत त्यांना सहभागी करून घेतले जाते काय, याची चौकशी शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्यांकडे करावी. भरलेल्या खाटा किती, हेही तितकेच महत्त्वाचे. रुग्णच नसतील तर वॉर्डातील शिक्षण अशक्य आहे.

३. अध्यापक : रसायनशास्त्र वा औषधनिर्मिती या विषयांतील अनुभवी अध्यापक आवश्यकच आहेत, पण फार्मसी प्रॅक्टिस विषयात प्रशिक्षित व रुग्णालयात नियमित काम करणारे अध्यापक किती, हा निर्णायक प्रश्न होय. जो अध्यापक स्वतः वॉर्डात जात नाही, तो विद्यार्थ्याला तेथे काय पाहावे हे शिकवू शकत नाही.

४. प्रत्यक्ष कार्य : भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. रुग्णालयात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारे मान्यताप्राप्त केंद्र आहे काय आणि विद्यार्थी तेथे अहवाल तयार करतात काय, हे पाहावे. औषध-माहिती केंद्र असल्यास डॉक्टर त्याच्याकडे खरोखर प्रश्न विचारतात काय, हीही उपयुक्त कसोटी आहे.

५. पदवीधरांची वाटचाल : मागील तुकड्यांतील पदवीधर रुग्णालये, औषधदक्षता, वैद्यकीय लेखन, चिकित्सालयीन संशोधन वा अध्यापन यांपैकी कोठे आहेत, याची माहिती घ्यावी. परदेशी जाण्याची इच्छा असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की भारतीय फार्म.डी. हा अमेरिकेतील परवाना नव्हे. तेथील पात्रता परीक्षा, भाषा परीक्षा, परवाना परीक्षा व राज्याच्या अटी स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात.

६. आर्थिक बाजू : सहा वर्षांच्या एकूण खर्चाचा अंदाज आरंभीच घ्यावा. महाराष्ट्रात शासनाच्या शिष्यवृत्ती व शुल्क सवलतींचा लाभ साधारणतः केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच मिळतो. संस्था स्तरावर घेतलेला प्रवेश त्यामुळे कुटुंबाला पुढे जड जाऊ शकतो.

या निकषांना एक वास्तव मर्यादा आहे. मोठी रुग्णालये शहरांत एकवटलेली आहेत आणि ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला घराजवळची संस्था हाच अनेकदा एकमेव परवडणारा पर्याय असतो. अशा वेळी रुग्णालयाचा आधार कमकुवत असलेल्या फार्म.डी. संस्थेपेक्षा चांगल्या संस्थेतील बी.फार्म. व त्यानंतर फार्म.डी.चा तीन वर्षांचा मार्ग किंवा फार्मसी प्रॅक्टिसमधील एम.फार्म. हा पर्याय अधिक हितकारक ठरू शकतो. पदवी लांबणीवर पडली तरी नुकसान भरून येते. रुग्णालयाविना गेलेली सहा वर्षे परत मिळत नाहीत.

निष्कर्ष :

१. फार्म.डी. पदवीचा आशय रुग्णालयातील प्रशिक्षणातून घडला. पदवीचे नाव आधी आले, आशय नंतर.
२. अमेरिकेत या पदवीने जुन्या पदवीची जागा घेतली; भारतात ती किमान अर्हतेच्या वर अतिरिक्त पदवी म्हणून राहिली.
३. भारतात कायद्याने या पदवीला नोंदणीत वेगळे स्थान दिलेले नसल्याने पदवीधराचे मूल्य त्याने मिळविलेल्या प्रत्यक्ष कौशल्यावर अवलंबून राहते. म्हणून संस्थेची निवड अमेरिकेपेक्षाही येथे अधिक परिणामकारक ठरते.
४. संस्थांची माहिती तुलनात्मक स्वरूपात जाहीर होणे आवश्यक आहे. खाटांचा वापर, वॉर्डातील तास व पदवीधरांची वाटचाल ही माहिती प्रत्येक संस्थेने प्रसिद्ध करावी.

समारोप :

१८२१ मध्ये फिलाडेल्फियातील औषधविक्रेते पदवीच्या अधिकारावरून एकत्र आले आणि १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील औषधनिर्माते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले. या दीडशे वर्षांत औषधनिर्मात्याची प्रतिष्ठा पदवीच्या नावाने जितकी वाढली, त्याहून अधिक ती वॉर्डातील कामाने वाढली. बारावीनंतर सल्ला विचारण्यास येणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापकांनी महाविद्यालयाची इमारत पाहण्यापूर्वी त्याचे रुग्णालय पाहून येण्यास सांगावे, हेच या इतिहासाचे व्यावहारिक सार होय.